वय न चोरणारी व्हिस्की

स्कॉच व्हिस्कीच्या बाटलीवरील आकड्याला आपल्याकडे फार मान. बारा वर्षांची बरी, अठराची थोर आणि पंचविशीची असेल तर ती फोडायचीच नाही. कपाटात ठेवून पाहुण्यांना दाखवायची! वास्तविक ओकच्या पिंपात, स्कॉटलंडच्याच भूमीवर तीन वर्षे काढली की कायद्याने ती स्कॉच ठरते. पुढची वर्षे रुचीची, आणि बरीचशी बाजाराची. आर्डबेगची ‘व्हेरी यंग’ ही जेमतेम सहा वर्षांची सिंगल मॉल्ट चाखली, तेव्हापासून त्या आकड्यावरची माझी श्रद्धा उणावली आहे.

आर्डबेगचा कारखाना स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील एका बेटावर 1815 पासून आहे. बेटाचे नाव अक्षरांबरहुकूम वाचले तर ‘इस्ले’ होते. तेथील लोक मात्र ‘आयला’ म्हणतात. मराठी माणसाने हा उच्चार चारचौघांत जपूनच करावा. (पहिल्या घोटानंतर तो आपोआप होतो, हा भाग वेगळा.) 1981 मध्ये येथील भट्ट्या थंडावल्या, 1989 मध्ये पुन्हा पेटल्या आणि 1996 मध्ये पुन्हा विझल्या. 1997 मध्ये ग्लेनमोरंजी कंपनीने कारखाना विकत घेतला. भट्टी पैशाने पेटते; पण मधली हरवलेली वर्षे पिंपांत कोठून भरणार? 1998 मध्ये गाळलेले मद्य दहा वर्षांचे व्हायला 2008 साल उजाडणार होते. मालकांनी तोवर वाट पाहिली नाही. 2004 मध्ये ‘व्हेरी यंग’, मग ‘स्टिल यंग’, ‘ऑलमोस्ट देअर’ आणि 2008 मध्ये ‘रेनेसान्स’, अशी त्या 1998 च्या मद्याची वाढ त्यांनी टप्प्याटप्प्याने रसिकांपुढे ठेवली. यात व्यापार होताच. पण अपुरेपण उघड्यावर मांडण्याचे धैर्यही होते.

ही व्हिस्की पिंपातून निघाली तशीच, पाणी न मिसळता बाटलीत भरलेली. मद्यार्काचे प्रमाण अठ्ठावन्न टक्क्यांच्या वर. एरवी ते चाळीस ते सेहेचाळीसच्या दरम्यान असते. पेला नाकाशी नेला की आधी धूर येतो. दलदलीत शतकानुशतके दबून राहिलेली वनस्पती म्हणजे पीट. तिच्या धुरावर मोड आलेले सातू वाळवतात. हा धूर पिंपाने दिलेला नव्हे, तो पिंपाहून जुना. वर्षे जातात तसा तो मवाळ होतो, म्हणून तरुण मद्यात तो सर्वांत मुखर. त्यामागून डांबर, ओला दोरखंड, जखमेवर लावतात ते आयोडीन. आणि या सगळ्या रांगडेपणात अचानक हिरव्या नासपतीचा व लिंबाच्या सालीचा कोवळा गंध. जिभेवर मात्र आग. चव कळण्याआधी दाह कळतो, आणि घोट गिळल्यावर सातूच्या पिठाची गोडी मागे उरते.

मग चमचाभर पाणी. पुष्कळांना हा अधर्म वाटतो. 2017 मध्ये स्वीडनमधील कार्लसन आणि फ्रीडमन या संशोधकांनी संगणकीय प्रतिरूपातून दाखवले, की धुराच्या गंधाचा एक घटक, ग्वायकॉल, तीव्र मद्यार्कात आत दडून राहतो आणि पाण्याने ती तीव्रता उतरली की पृष्ठभागाशी येतो. माझ्या नाकाला एवढेच कळले, की दाह ओसरला आणि धुराला शेकोटीची ऊब आली. त्याच्या आड व्हॅनिलाही दिसू लागली. सहा वर्षांत पिंपाने दिलेली शिदोरी ती एवढीच.

आम्हां गोवेकरांना हे नवे वाटू नये. काजूच्या हंगामात हुर्राक निघते, उन्हाळ्यातच संपते, आणि तिला अपुरी फेणी म्हणून कोणी हिणवत नाही. तिचा मान तिच्या ताजेपणाचा आहे.

‘रेनेसान्स’ही मी पुढे चाखली. अधिक गोल, अधिक सभ्य, निःसंशय अधिक पूर्ण. तरीही निवड करायची झाली तर मी ‘व्हेरी यंग’कडेच हात नेईन. आज कित्येक बाटल्यांवर वयाचा आकडाच नसतो. दंतकथेतले एखादे भारदस्त नाव असते आणि कोवळेपण त्याआड झाकलेले असते. इथे तारुण्य हेच नाव होते.

बाटलीत आता दोन बोटे उरली आहे. रात्री पेला न धुता ठेवला, तर सकाळी त्यात विझलेल्या चुलीतल्या ओल्या राखेचा वास येतो.