जौऱ्याहून परतताना

ग्वाल्हेरला येणारा पाहुणा किल्ला पाहतो, महाराज बाड्यावर फिरतो, तानसेनाच्या समाधीपाशी घटकाभर बसतो आणि परततो. जौऱ्याला सहसा कोणी जात नाही. या प्रांतात सारा जन्म काढूनही आम्ही तिकडे फिरकलो नव्हतो. मुरारचे आमचे एक ख्रिस्ती स्नेही, मूळचे नगर जिल्ह्यातले आणि आमच्यासारखेच मास्तरकीत केस पिकवलेले. ईस्टरनंतरच्या रविवारी त्यांनीच आग्रह धरला आणि रात्रीचे जेवण आपल्याच घरी, असेही बजावले.

सुमावलीवरून रमतगमत जाणारी ती अरुंद रुळांची गाडी २०२० साली थांबली. तेव्हा मुरैनामार्गे बस धरली. गहू निघालेली शेते उन्हात उघडी पडली होती. चंबळेच्या घळींना इकडे बीहड म्हणतात आणि त्यांत दडणाऱ्यांना बागी. डाकू म्हटलेले इथल्या माणसाला रुचत नाही. या एका शब्दात थोडी क्षमा आहे आणि थोडी पळवाटही, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे.

जौऱ्याचा महात्मा गांधी सेवा आश्रम सुब्बरावांनी उभा केला. २०२१ साली त्यांच्या देहाला अग्नी दिला गेला तोही इथेच. या मुलखात पहिली वाट पाडली ती आपल्या विनोबांनी. १९६० च्या मे महिन्यात ते भिंड-मुरैना भागात पायी हिंडले आणि वीस बागी त्यांना शरण आले. पुढे १९७१ साली माधोसिंग ठेकेदाराचे सोंग घेऊन पाटण्याला जयप्रकाश नारायणांच्या घरी गेला. तो कोण आहे हे कळल्यावरही जयप्रकाशांनी त्याला पोलिसांच्या हवाली केले नाही. त्याचे म्हणणे ऐकून घेतले. त्यातूनच १४ एप्रिल १९७२ चा दिवस उगवला. जौऱ्यात गांधीजींच्या तसबिरीपुढे माधोसिंग, मोहरसिंग आणि त्यांच्या साथीदारांनी बंदुका ठेवल्या. फाशी होणार नाही, एवढेच अभय त्यांना होते. तुरुंग चुकला नाही. ग्वाल्हेरच्या मध्यवर्ती कारागृहात त्यांनी दिवस काढले. काही जण पुढे मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात गेले.

आश्रमाच्या अंगणात बसून आम्ही शंका काढली. ज्यांची माणसे मारली गेली त्यांच्या दारी हार घेऊन कोण गेले? क्षमा करायची तर ती त्या विधवांनी. तिऱ्हाइताने ती परस्पर वाटून टाकावी काय? अशी टीका त्या काळीही झाली होती आणि ती आम्हांला आजही खोटी वाटत नाही.

स्नेह्यांनी वाद घातला नाही. ते पेत्राची गोष्ट सांगू लागले. ज्या रात्री येशूला धरले, त्या रात्री महायाजकाच्या अंगणात निखाऱ्यांवर हात शेकत पेत्राने त्याला तीनदा नाकारले. पुढे तिबिर्याच्या सरोवराकाठी पहाटे पुन्हा निखारे पेटलेले दिसतात. त्यांवर मासळी, जवळ भाकर. पुनरुत्थित येशूच न्याहारी मांडून बसलेला असतो. झाल्या प्रकाराचा तो जाब विचारीत नाही. आधी जेवू घालतो आणि मग, तुझी माझ्यावर प्रीती आहे काय, असे तीनदा विचारतो. प्रत्येक उत्तरानंतर आपली मेंढरे त्याच्या हाती सोपवतो.

"हेडमास्तर," स्नेही म्हणाले, "नुसती माफी सोपी हो. त्याच माणसाला पुन्हा काम सांगणे अवघड."

आम्ही गप्प राहिलो. परतीच्या बसमध्येही फारसे बोलणे झाले नाही.

मुरारला पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. वहिनींनी पाने मांडली. वाढायला जो माणूस आतून आला, त्याला पाहून आमचा हात पाण्याच्या तांब्यावरच थबकला. हा आमच्याच शाळेतला जुना कारकून. परीक्षा शुल्काची रक्कम त्याने घरखर्चाला वापरली होती. ती त्याने पुढे भरून दिली, पण नोकरी गेली. अहवालावर सही आमची होती. तो अहवाल आम्हांला आजही चुकीचा वाटत नाही. मात्र त्याआधी बारा वर्षे ज्याच्याबरोबर दुपारचा डबा खाल्ला, त्याच्या दारावरून त्यानंतर आम्ही कितीदा तरी गेलो आणि एकदाही आत शिरलो नाही. बाजारात तो समोरून आला तर आम्ही दुकानांच्या पाट्या वाचीत पुढे सरकायचो.

"मंडळीच्या वर्गणीचा हिशेब गेली चार वर्षे हेच लिहितात," स्नेही सहज बोलावे तसे बोलले.

म्हणजे ज्याच्या हाताने पैशाची चूक झाली, त्याच्याच हाती यांनी पैशाची पेटी दिली होती! आम्ही स्नेह्यांकडे पाहिले. ते भातावर लिंबू पिळण्यात गढले होते.

"सर, वांग्याची भाजी वाढू?" त्याने विचारले. आवाज तोच, हजेरीपुस्तक पुढे करताना असायचा तसा. पळी ताटापासून वीतभर वर थांबलेली.

"वाढ," आम्ही म्हणालो. "आणि तुझेही पान इथेच मांडून घे."

वहिनी पाट आणायला आत गेल्या. आम्ही भिंतीकडे थोडे सरकलो.