किल्ली कुणी दिली?

"गाडी कुणाची?" दवाखान्यातल्या माणसानं कागदावर लिहिता लिहिता विचारलं.

"माझी."

"आणि पोराला किल्ली कुणी दिली?"

तो काही मला दोष देत नव्हता, त्याला रकाना भरायचा होता. पण मला लगेच बोलता आलं नाही.

२०२२ च्या गणपतीतली गोष्ट. भाचा तेव्हा सतरा वर्षांचा, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला. बहीण धारवाडला दिलेली; पोरगा शिक्षणासाठी आमच्याकडं टिळकवाडीत. बापाशी फोनवर कन्नड, माझ्याशी मराठी आणि मित्रांशी दोन्हींची मिसळ. उंचीनं माझ्यापेक्षा चार बोटं वर. चार-पाच महिने तो माझी स्कूटर फिरवत होता. आधी गल्लीत, मग व्हॅक्सिन डेपोपर्यंत, मग कुठंही. शेजारी म्हणायचे, "भाचा झकास चालवतो की हो!" आणि मला बरं वाटायचं. भावोजी मात्र दर फोनला बजावत, "सावकाश होगो, तम्मा." सावकाश हा शब्द दोन्ही भाषांत एकच, त्यामुळं तो दोन्ही कानांनी ऐकून सोडून द्यायची सोय होती.

त्या दिवशी नारळ कमी पडले म्हणून मीच त्याला पाठवलं. वाटेत दोन मित्र भेटले, तिघं एका गाडीवर बसले. हेल्मेट घरी खुंटीला. खानापूर रोडवर बारीक पाऊस. पुढं एक बस थांबली होती, ती ओलांडून जाताना बसच्या पुढून एक बाई रस्त्यात आली. ह्यानं हँडल वळवलं आणि त्याच क्षणी पुढचा ब्रेक गच्च दाबला. ओल्या रस्त्यावर चाक वळलेलं असताना पुढचा ब्रेक असा दाबला की ते सरकतंच. त्यात तिघांचं वजन. बाईला खरचटलंसुद्धा नाही. सगळ्यात मागं बसलेल्या पोराच्या नडगीचं हाड मोडलं.

"मामा, चाळीसलाच होतो," तो रडत सांगत होता. खोटं नसावं. पण चाळीसचा वेग म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. बाई दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, की अकरा मीटर संपले, आणि गाडी थांबायला तर अजून सुरुवातच नाही. वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यापासूनचं अंतर चौपट होतं. हे त्यानं फिजिक्सच्या पेपरात बिनचूक लिहिलं असतं.

मी असतो तर बसच्या खालून दिसणारी पावलं बघितली असती. माझे डोळे त्याच्यापेक्षा चांगले नाहीत, चष्मा आहे. पण थांबलेल्या बसपुढून माणूस येतो हे चाळीस वर्षांत इतक्यांदा बघितलंय, की हात आपोआप सैल होतो. एक कुत्रं आडवं गेलं की मागून दुसरं येतं. रिक्षावाला रस्त्याकडेच्या माणसाकडं बघायला लागला की आता वळणार, इंडिकेटरची वाट बघू नये. नवशिक्याची नजर चाकापुढच्या रस्त्यावर खिळलेली असते; लांब, बाजूला, आरशात ती फिरायला काळ जावा लागतो. पहिले काही महिने सगळ्यात धोक्याचे, आणि बरोबर समवयस्क मित्र असले की धोका आणखी वाढतो, हे अभ्यासकांनी देशोदेशी तपासून सांगितलंय. न्यूझीलंडनं तर १९८७ पासून लायसनच टप्प्याटप्प्यानं द्यायला सुरुवात केली.

"आम्हीपण असंच शिकलो," हे मी कितीदा म्हटलं असेल. मी सतराव्या वर्षी काकांची गाडी घेऊन फिरलोय, दोनदा पडलोय. तेव्हा काँग्रेस रोडला गाड्याच किती होत्या! माझं नशीब होतं, त्याला मी अनुभव म्हणत आलो.

जखमी पोराचे वडील संध्याकाळी भेटले. मी हात जोडले, पोरगं लहान आहे म्हणालो. त्यांनी शांतपणे एवढंच विचारलं, "हुडुग सण्णाव. नीवू सण्णावरेन्री?"

त्यांनी तक्रार दिली नाही. दिली असती तर? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं ५० सीसीपर्यंतची दुचाकी सोळाव्या वर्षी चालते, त्यापुढच्या दुचाकीला अठरा पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनानं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात दोन तरुण अभियंते मोटारीच्या धडकेत गेले, ती चालवल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर होता. जामिनासाठी तीनशे शब्दांचा निबंध, हे ऐकून देश संतापला. मीही तावातावानं बोलायला लागलो. सौ. नुसती माझ्याकडं बघत राहिली. मी टीव्ही बंद केला.

बहिणीला फोन करणं सगळ्यात अवघड गेलं. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. "तुझ्याकडं होता म्हणून मी निश्चिंत होते," म्हणाली.

अठरा पूर्ण झाल्यावर लर्निंग काढलं. कायद्यानं महिन्याभरानं पक्क्या लायसनची परीक्षा देता येते, पण आम्ही पुरे सहा महिने घेतले. मी मागं बसायचो आणि त्यानं मोठ्यानं बोलत चालवायचं, काय दिसतंय ते. "डावीकडं रिक्षा, माणूस हात करतोय, थांबणार." "गेटजवळ शाळेची पोरं, एक चेंडू." आधी पहाटे, मग गर्दीत, मग पावसात. हिवाळ्यात एका रात्री काकतीकडं. उसाची ट्रॉली पुढं, मागं दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, समोरून हेडलाइट डोळ्यांवर. त्याच्या लक्षात माझ्याआधी आलं. "मामा, पुढं काहीतरी काळं आहे," म्हणाला आणि वेग उतरवला. त्या रात्री मी पहिल्यांदा मागं निवांत बसलो.

हायवेला एक कन्नड पाटी होती, 'अति वेग, तिथी बेग'. कन्नडमध्ये तिथी म्हणजे श्राद्ध. मी लहानपणी ती मराठीत वाचून वाटून घेतलं होतं, की चतुर्थी लवकर येते. त्याला सांगितलं तर हसला, आणि मग गप्प झाला.

मित्राचं हाड जुळलं. तो चालतो, क्रिकेट खेळतो, पण रन घेताना एका पायावर किंचित कमी जोर देतो. भाचा दर गणपतीत त्याच्या घरी नारळ घेऊन जातो, चालत.

यंदा माझ्या मुलीला सोळावं लागलं. परवा तिनं खुंटीवरची किल्ली काढली, "बाबा, एकच राउंड, गल्लीतच की." मी तोंड उघडायच्या आत भाच्यानं ती तिच्या हातातून घेतली. "चल, मागं बस," म्हणाला. "आणि काय काय दिसतंय ते सांग."