अर्ध्या एकराचं पाणी

रात्रीची दारं धरताना माणूस कळतो. वीज मध्यरात्री येते, मोटर सुरू होते आणि पाटातलं पाणी सळसळत पायाशी येतं. खोऱ्यानं दार मोडायचं, वाफा भरला की चिखल ओढून बुजवायचं, पुढचं मोडायचं. शेवटचा वाफा अर्धाच भिजलेला असतो आणि पाळी संपते. आता पाणी शेजाऱ्याचं. अंधारात बघणारं कुणी नसतं. आणखी थोडा वेळ ओढलं तर कोण विचारणार? भावाभावांचं बोलणं तुटलं, बांधावर कुऱ्हाडी निघाल्या, त्यामागे पुष्कळदा हा थोडा वेळच असतो.

त्या माणसाला मी दुष्ट म्हणणार नाही. त्याच्यासमोर सुकणारा कांदा असतो, डोक्यावर सोसायटीचं कर्ज असतं. आपल्याला उरणार नाही, या धास्तीनं हात आखडतो. अशा माणसाला त्यागाच्या गोष्टी सांगून काय होणार? त्याला आधी भरवसा हवा, की त्याचा वाटा कुणी पळवणार नाही.

हा भरवसा पुरंदरच्या माळावर विलासराव साळुंखे यांनी उभा केला. 1972 च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसं पाहून पुण्यातला हा इंजिनिअर-उद्योजक अस्वस्थ झाला. नायगावात देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन त्यांनी कसायला घेतली. बांधबंदिस्ती केली, पाणी अडवलं, आणि त्यातून पाणी पंचायत आकाराला आली. पाणी माणशी मोजायचं. डोई अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरतं. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही.

वीस एकरवाल्याच्या घरात पाच माणसं असतील तर त्याला अडीच एकरांचं पाणी. दोन-तीन एकरवाल्याच्या घरातही पाचच माणसं असतील, तर त्यालाही तेवढंच. हे मान्य करताना वीस एकरवाल्याच्या मनात काय उलथापालथ झाली असेल! साडेसतरा एकर कोरडे ठेवायचे, उसाच्या पैशावर पाणी सोडायचं, आणि हे सगळं आपल्याहून लहान माणसाच्या ज्वारी-हरभऱ्यासाठी. असं ऐकणारी माणसं या मातीत निघाली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पण मला सगळ्यात मोठा वाटतो तो वेगळाच नियम. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्यालाही पाण्याचा वाटा. आयुष्यभर दुसऱ्याच्या वाफ्यात पाणी फिरवणाऱ्या मजुराचा पाण्यावर हक्क! रान नसलेला माणूस हे पाणी घेऊन कुठं जाणार, असं कुणी म्हणेल. तो पाणी नसलेल्याचं रान वाट्यानं करू शकतो. काल ज्याच्या दारात रोजगार मागायला उभं राहायचं, त्याच्यासमोर बसून आज बरोबरीनं बोलणी करायची. पाणी देऊन माणसाची मान अशी वर करता येते, हे मला कुठल्याही दानापेक्षा मोठं वाटतं.

पाणी पंचायतीच्या काही योजना पुढं बंद पडल्या, हेही खरं. वीजबिलं थकली, उसाची ओढ सुटली नाही. तरी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढं मांडला जातो आणि पाऊस कमी असेल तर पिकं त्याप्रमाणं बदलतात. म्हणजे माणसं ऐकतात, अजूनही.

आता तर दुसऱ्याचं पाणी घ्यायला रात्री दार फोडावंही लागत नाही. बोअर खोल खोल जातं आणि शेजारची विहीर न बोलता आटते. घेणाऱ्याला आपण काही घेतलं हे कळतही नाही. म्हणून पावसाळा सरला की प्रत्येक गावानं चावडीवर बसून पाणी मोजावं, असं मला कळकळीनं वाटतं. आधी माणसांचं आणि गुरांचं पिण्याचं, मग रब्बीचं. आणि त्या हिशेबात पहिलं नाव वाचावं ते विहीर नसलेल्या घराचं, बागायतदारांची नावं त्यानंतर.