बागबाजारचा कर्णा, घरातला सूर

गाणं ऐकायला घरात एवढा मोठा कर्णा कशाला? कोलकात्याच्या बागबाजारात हिंडताना या प्रश्नाचं उत्तर मिळतं. शिवाय मराठी माणसाला तिथे एक जुनी ओळखही भेटते!

श्यामबाजारच्या मेट्रो स्टेशनातून बाहेर पडावं आणि पश्चिमेला, गंगेच्या दिशेनं चालू लागावं. हुगळीला इथे सगळे गंगाच म्हणतात. थोड्याच वेळात बागबाजार लागतं. हिरव्या झडपांच्या खिडक्या, दारापुढचे ओटे आणि ओट्यांवर रंगलेल्या गप्पा. गिरीश अॅव्हेन्यूवर तर रस्त्याच्या ऐन मध्ये एक घर उभं! बंगाली रंगभूमीचे थोर नट आणि नाटककार गिरीशचंद्र घोष यांचं हे घर. रस्ता त्याला वळसा घालून जातो. याच वस्तीत नवीनचंद्र दासांचा रसगुल्ला जन्मला आणि बोसपाडा लेनमध्ये भगिनी निवेदितांनी १८९८ साली मुलींची शाळा काढली.

जवळच्या एका गल्लीचं नाव वाचून मात्र मराठी पाहुणा थबकतोच. मराठा डिच लेन! १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालवर चालून गेली. त्या धास्तीनं कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो बागबाजारच्या बाजूनं. काही मैल खणून झाला, पण मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. खंदक पुढे बुजवला गेला. गल्लीच्या नावात तो उरला, आणि 'बर्गी' उरले बंगाली अंगाईगीतात.

मराठी सूर या शहरात शिरला तो फार नंतर. तलवारीनं नव्हे, तबकडीनं!

कलेर गान

ग्रामोफोनला बंगालीत 'कलेर गान' म्हणत, म्हणजे यंत्राचं गाणं. त्याची भारतातली कहाणी या शहरापासूनच रंगते. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यात आला. सुरुवातीलाच त्यानं क्लासिक थिएटरच्या शशिमुखी आणि फणिबाला या दोन तरुण गायिकांचा आवाज टिपला. मग आल्या गौहरजान. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्यानं कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या जोरावर मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. ऐकणाऱ्याच्या घरीही कर्णाच. एका कर्ण्यातून गाणं आत जाई, दुसऱ्यातून बाहेर येई, आणि मध्ये वीज कुठेच नसे!

सुरुवातीला तबकड्या जर्मनीत छापून येत. १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघाला आणि वीस वर्षांनी तो डमडमला गेला. बागबाजारपासून डमडम काही फार दूर नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांत माळ्यावर एच.एम.व्ही.च्या तबकड्या पडलेल्या असतील, तर त्यांच्या लेबलावर 'डमडम' हा शब्द शोधून पाहा. माजघरात घुमलेली कितीतरी नाट्यपदं छापली गेली ती इथेच.

बागबाजारसारख्या वस्तीत या कर्ण्यानं एक मोठी गोष्ट केली. नाटकवाल्या आणि कोठीवाल्या गायिकांचं गाणं पुरुष बाहेर जाऊन ऐकत. घरंदाज बायकांना ती मुभा कुठली? कर्ण्यानं तो सूर थेट अंतःपुरात आणला. ज्या गायिकेला दारात उभं केलं नसतं, तिचा आवाज घराच्या मधोमध बसला. गिरीशचंद्रांची शिष्या, नटी विनोदिनी, हिला मात्र हे भाग्य लाभलं नाही. तिनं रंगभूमी सोडली तेव्हा गैसबर्गला इथे यायला पंधराएक वर्षं अवकाश होता.

कर्णा करतो तरी काय?

सुईच्या थरथरीनं अभ्रकाची एक छोटीशी चकती हलते. ती एकटी हलली तर आवाज डासाच्या गुणगुणण्याएवढा. कारण एवढीशी चकती खोलीतल्या हवेला नीट ढकलूच शकत नाही. कर्णा अरुंद सुरू होतो आणि हळूहळू रुंदावतो. चकतीचा धक्का तो हवेला टप्प्याटप्प्यानं सोपवतो. हाताचा द्रोण तोंडाशी धरून हाक मारावी, तसंच हे.

१९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आणि कागदी पडद्याचा स्पीकर आला. छोट्या पेटीत मावणारा हा स्पीकर घराघरात गेला. कर्णा घरातून उठला तो थेट सिनेमागृहात, मैदानात आणि मांडवात! तिथे त्याचा भोंगा झाला. कलकत्ता उच्च न्यायालयाला १९९६ मध्ये ध्वनिक्षेपकांवर बंधनं घालावी लागली. २००० च्या नियमांनी देशभर निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आखली. कर्णा म्हणजे कर्कश्श, हा समज पक्का झाला तो या भोंग्यामुळे.

खरं तर घरातल्या कर्ण्याची खुबी मोठ्या आवाजात नाहीच. साध्या घरगुती स्पीकरमध्ये विजेच्या शक्तीतला जेमतेम एखादा टक्का आवाजात उतरतो. चांगल्या कर्ण्यात हे प्रमाण दहापटीहून अधिक असू शकतं. पडदा जेमतेम हलतो, म्हणून सूर विस्कटत नाही. हळू लावलेल्या गाण्यातही तंबोऱ्याची जवारी आणि गायिकेचा श्वास ऐकू येतो. पॉल क्लिप्श या अमेरिकन अभियंत्यानं १९४६ मध्ये खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा कर्णा बाजारात आणला. त्याची युक्ती अशी की भिंतीच कर्ण्याचा पुढचा भाग बनतात!

घरी आणायचा असेल तर...

पहिला प्रश्न जागेचा. चाळीस हर्ट्झच्या खर्जाची एक लाट सुमारे २८ फूट लांब असते. एवढा खर्ज कर्ण्यातून काढायचा तर कर्णा कपाटाएवढा हवा. म्हणूनच बरेच जण मधल्या आणि वरच्या सुरांसाठी कर्णा आणि खर्जासाठी साधी पेटी अशी जोडी जमवतात. बैठक आठ-दहा फूट लांब ठेवावी, म्हणजे दोन्हींचे सूर एकजीव होतात. अॅम्प्लिफायर थोड्या वॉटचा पुरतो, पण तो निर्दोष हवा. त्याची बारीकशी खरखरही कर्णा मोठी करून दाखवतो. मांडवातला पत्र्याचा भोंगा घरी आणू नये. तो बोलण्यासाठी बनलेला असतो, त्यातून गाणं नाकातलं वाटतं.

जुना चावीचा ग्रामोफोन घेणाऱ्यांनी तर फारच जपावं. पितळी कर्णा लावून नव्यानं बनवलेले नकली ग्रामोफोन 'अस्सल जुने' म्हणून सर्रास विकले जातात. पोलादी सुई दर बाजूला बदलावी आणि त्यावर एल.पी. तबकडी कधीही लावू नये. एकाच फेरीत तिची वाट लागते.

बागबाजारातली मोठी घरं आता वारसांत वाटली गेली आहेत, कित्येकांच्या जागी फ्लॅट उभे राहत आहेत. कर्णा मावेल अशी खोली कमी होत चालली आहे, मुंबई-पुण्यात काय आणि कोलकात्यात काय! आणि खोलीपेक्षाही दुर्मीळ झाली आहे ती एकत्र बसून ऐकण्याची सवय. कानात बोंडं घालून जो तो आपापलं गाणं ऐकतो. कर्ण्यापुढे मात्र घर जमतं.

केसरबाई केरकरांना 'सूरश्री' ही पदवी १९४८ मध्ये दिली ती कोलकात्याच्याच संगीतरसिकांनी. १९७७ मध्ये त्यांची भैरवी व्हॉयेजर यानातल्या तबकडीवर बसून अंतराळात गेली. जुन्या तबकडीत मावावी एवढीच, साडेतीन मिनिटांची. एखाद्या संध्याकाळी दिवे लागले की ती लावावी, घरातल्या सगळ्यांना हाक मारावी आणि आवाज शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत पोहोचणार नाही इतकाच ठेवावा. चांगल्या कर्ण्याला तेवढा पुरतो.