नगरची एक उनाड संध्याकाळ

पुढची गाडी रात्री दहाला. हाताशी चार तास आणि ओळखीचं कुणी नाही, म्हणजे चैनच! बॅग खांद्याला अडकवली, मोबाइल खिशात ढकलला आणि माळीवाड्यातून निघालो. नियम एकच: रस्ता विचारायचा आणि सांगितलेल्याच्या उलट वळायचं.

विशाल गणपतीला नमस्कार केला. कापडबाजारात काही न घेता नुसते भाव विचारले. दिल्ली दरवाजातून दोनदा गेलो, एकदा बाहेर, एकदा आत. दिल्ली काही दिसली नाही. अहमद निजामशहाने १४९० साली वसवलेल्या या गावात नावांची गंमतच आहे. डोंगरावरच्या ज्या इमारतीला सगळे चांदबीबीचा महाल म्हणतात, ती खरं तर सलाबतखानाची कबर. आता शहरही अहिल्यानगर झालंय. तरी चहावाले काका म्हणालेच, "नगरमध्ये नवीन दिसताय!"

भुईकोट किल्ल्यापाशी मात्र थबकलो. माझ्याकडे चार तास होते. नेहरू इथे १९४२ पासून अडीच वर्षांहून अधिक काळ कैदेत होते. पाय तटाच्या आत अडकले, तेव्हा ते शतकांमधून हिंडले आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं.

मी स्टँडचा रस्ता विचारला. या वेळी सांगितला तसाच गेलो.