पीठ कोण सांडतं?

बालमित्रांनो, न केलेल्या चुकीबद्दल तुम्ही कधी बोलणी खाल्ली आहेत का? मी खाल्ली आहेत, आणि तीही एका किड्यापायी!

आमचं सेलूचं घर जुन्या माळवदाचं. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर फळ्या आणि सगळ्यात वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर कसं गार राहायचं! मी तिसरीत असताना मधल्या खोलीत रोज सकाळी पांढरट पिठाचा छोटासा ढीग दिसू लागला. आजी म्हणायची, "दळण आणताना पुन्हा सांडलंस ना गं?" मी रडकुंडीला येऊन नाही नाही म्हणायचे. पण ऐकतंय कोण!

एके दिवशी दळण आणलंच नव्हतं, तरी ढीग हजर! मी मान वर केली. बरोबर वरच्या कडीला टाचणीनं पाडावीत तशी बारीक, गोल भोकं होती.

बाबा भोकं बुजवून रंग देणार होते. सुतारमामा हसले. म्हणाले, "दादा, ही किड्याची आत जायची नव्हे, बाहेर पडायची दारं आहेत!" मग त्यांनी मला समजावलं. भुंगेऱ्याची मादी लाकडाच्या बारीक छिद्रांत अंडी घालते. अळ्या कित्येक महिने आतलं लाकूड पोखरून खातात. अळीचा भुंगेरा झाला की तो भोक पाडून उडून जातो. वाळवी वेगळी, ती मातीच्या नळ्या बांधत येते. या किड्याला लाकडाचा बाहेरचा पांढरट भाग आवडतो, कारण त्यात पिष्ट असतं. सागाच्या गाभ्याच्या वाटेला तो सहसा जात नाही.

मामांनी जमीन झाडून प्रत्येक कडीखाली काळा कागद अंथरला. आठ दिवसांनी पाहिलं, तर एकाच कागदावर ताजं पीठ! म्हणजे किडा तिथंच जिवंत होता. दाभण टोचली, तर ती सहज आत गेली.

बाबा म्हणाले, "पुढच्या वर्षी बदलू." आजीनं मात्र ऐकलं नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडी भिंती आणि जड माळवदांखाली हजारो माणसं गाडली गेली, हे ती विसरली नव्हती. "वर माती आहे तेवढीच जड, अन् खालचं लाकूड पोकळ. लेकरं तिथंच झोपतात!" ती म्हणाली.

मामांनी आधी टेकू दिला, मग कडी काढून सागाच्या गाभ्याची बसवली. बाकीच्या कड्यांचा रंग खरवडून टाकणखार आणि बोरिक पावडरचं पाणी लावलं. रंगावरून ते आत मुरत नाही ना! (मुलांनो, हे काम मोठ्यांचं. तुम्ही हात लावू नका.)

काढलेली कडी आजीनं हातात घेतली. केवढी हलकी! तिनं मला जवळ ओढलं, शेंगदाण्याचा लाडू दिला आणि म्हणाली, "चुकलं गं माझं. तुझं ऐकलं असतं तर आधीच वर पाहिलं असतं."

आज मी वर्गात शिकवते. एखादं लेकरू डोळ्यांत पाणी आणून "बाई, मी नाही केलं" म्हणतं, तेव्हा मला ती कडी आठवते. रागावण्याआधी मी एकदा वर पाहते. पालकांनो, तुम्हीही पाहाल ना?