स्टेशनपासून दहा मिनिटं!

ठाण्यात घर शोधायला निघालात की एक वाक्य हमखास कानावर पडतं: 'स्टेशनपासून फक्त दहा मिनिटं, मॅडम!' ही दहा मिनिटं कुणाच्या घड्याळातली, ते मात्र एजंट सांगत नाही. बहुधा रविवारी पहाटे, रिकाम्या घोडबंदर रोडवर, कारमध्ये बसून मोजलेली असतात. पायांनी मोजलेली दहा मिनिटं बघायची असतील, तर टेंभी नाक्यावर या.

बाहेरच्यांना टेंभी नाका माहीत असतो तो नवरात्रातल्या देवीमुळे, दहीहंडीमुळे आणि आनंद दिघेंच्या आनंद आश्रमामुळे. २०२२ मध्ये 'धर्मवीर' सिनेमानं त्याला महाराष्ट्रभर पोचवलं. मी इथे भाड्यानं राहते, त्यामुळे माझ्या लेखी नाक्याची ओळख जरा वेगळी आहे. इथून मी स्टेशनला चालत जाते. जांभळी नाका, मग बाजारपेठेतली गर्दी, आणि समोर सॅटिसचा पूल. रमतगमत पंधरा मिनिटं. फास्ट लोकल गाठायची असेल तर दहा! येताना भाजी, औषधं, इस्त्रीचे कपडे, सगळं वाटेतच उरकतं. शेअर रिक्षाची रांग नाही की बसची वाट बघणं नाही. महिन्याच्या बजेटमध्ये ही बचत दिसत नाही, पण संध्याकाळी साडेआठला तळावपाळीवर कुल्फी खाताना जाणवते.

जुन्या ठाण्याचा फंडा

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला थांबली. तलाव, कौपिनेश्वर, बाजार, कोर्ट आणि स्टेशन, सगळं एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर. मधल्या जागेत चाळी आणि दोन-तीन मजली इमारती झाल्या, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. प्लॅनर लोक आज ज्याला 'ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंट' म्हणतात, ते इथे कुणी प्रेझेंटेशन न करताच होऊन गेलं. खोलीचं भाडं परवडायचं म्हणून कारकून, शिक्षक, दुकानातला नोकर असे सगळेच स्टेशनजवळ राहू शकले.

आता या इमारती म्हाताऱ्या झाल्यात. त्या पाडून टॉवर उभे राहतात. जुन्या भाडेकरूला स्वतःचा फ्लॅट मिळतो, त्याचा आनंदच आहे. पण उद्या पहिल्या नोकरीसाठी ठाण्यात येणाऱ्या मुलीनं राहायचं कुठे? स्वस्तातली खोली गेली, आणि टॉवरचं भाडं तिच्या पगारात बसत नाही.

मग ती सरकते पुढे. दिवा, डोंबिवली, बदलापूर. पुढचं तिकीट आपल्याला ठाऊक आहे: दारात लटकून प्रवास. ९ जून २०२५ ला सकाळी दिवा आणि मुंब्रा स्टेशनांच्या मध्ये खच्चून भरलेल्या लोकलमधून प्रवासी खाली पडले आणि किमान चौघांचा जीव गेला. घराच्या बाजूनंही हीच गोष्ट. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. परवडणारं घर हवं तर सुरक्षित प्रवास सोडा किंवा सुरक्षित घर सोडा, असा हा सौदा आहे.

नियम आहे, पण...

राज्य सरकारनं २०१३ मध्येच एक चांगला नियम केला. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरात ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर घरं बांधली, तर २० टक्के हिस्सा अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचा. म्हाडाच्या कोकण मंडळाच्या लॉटरीत ठाणे-कल्याणची अशी घरं दिसतात ती त्यामुळेच. मस्त! पण गंमत बघा, ४००० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ एक एकर. स्टेशनजवळच्या जुन्या वस्तीत एवढा सलग भूखंड सापडणं मुश्कील. मोठे प्लॉट आहेत ते घोडबंदरकडे. म्हणजे नियमाची घरं लांब आणि स्टेशनजवळचे बरेचसे टॉवर नियमाच्या बाहेर. नियम भूखंडाचा आकार विचारतो, स्टेशनचं अंतर विचारत नाही. खरी गोची तिथे आहे.

शेजारच्या नवी मुंबईत सिडकोनं रेल्वेचा दोन तृतीयांश खर्च स्वतः उचलला, कारण जमीन आणि स्टेशन दोन्हींचा आराखडा एकाच टेबलवर होता. बामणडोंगरी, खारकोपर, मानसरोवर या स्टेशनांलगत सिडकोनं सामान्यांसाठी घरं बांधली, आणि जानेवारी २०२४ मध्ये खारकोपरपासून पुढे उरणपर्यंत लोकलही धावू लागली. तरी तिथे सगळं गोड आहे असं नाही. त्यानंतर जाहीर झालेल्या किमती बघून अनेक अर्जदारांनी डोक्याला हात लावला. स्टेशनजवळ घर बांधणं ही अर्धी लढाई, ते परवडणारं ठेवणं ही उरलेली अर्धी.

आता ठाण्याची पाळी आहे. १६ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोला मंजुरी दिली. २९ किलोमीटर, २२ स्टेशनं, सुमारे १२,२०० कोटी रुपये. वडाळा-कासारवडवली मेट्रो ४ चा मार्गही घोडबंदर रोडवरूनच जातो. मेट्रो यायच्या आधी तिचा बोर्ड येतो आणि बोर्डाबरोबर चौरस फुटाचा भाव चढतो. हा भाव चढतो आपल्या सगळ्यांच्या पैशांतून. मग त्यातला वाटा घरांच्या रूपानं परत का मागू नये? स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या टापूत, प्लॉट लहान असो की मोठा, काही घरं सामान्य पगाराच्या माणसांसाठी राखायलाच हवीत. त्यातली काही भाड्याची हवीत. आणि हे रूळ पडायच्या आधी ठरायला हवं. नंतर जमीन उरत नाही.

सिंगापूरमध्ये दहापैकी जवळपास आठ जण सरकारनं बांधलेल्या घरात राहतात, आणि त्या वसाहती मेट्रो-बसला धरून आखल्या जातात. आपण सिंगापूर नाही, कबूल. पण टेंभी नाका आपलाच आहे ना?

तोवर तुमच्यासाठी काही टिप्स

घर बघायला रविवारी जाऊ नका, मंगळवारी सकाळी पावणेनऊला जा आणि गेटपासून प्लॅटफॉर्मपर्यंतचा वेळ स्वतः मोजा. हप्त्यात रिक्षा, बस आणि पासचा खर्च मिळवा, मगच 'स्वस्त' म्हणा. म्हाडाच्या लॉटरीची जाहिरात आली की घराच्या किमतीइतकंच बारकाईनं स्टेशनचं अंतर बघा. आणि महापालिकेनं विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या की एक अर्ज नक्की टाका. त्यात एकच ओळ पुरे: स्टेशनपासून दहा मिनिटं, पण चालत!